विहीणबाईंचा मुक्काम

कोरिया कुठे आहे हे त्रेपन्न सालापर्यंत कासारवाडीत कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची वेळ आली ती तानाबाईंच्या ज्योतीरामामुळे.

तानाबाई आमच्या शेजारच्या. मालक लवकर गेलेले, एकुलता एक मुलगा, आणि तोही लष्करात. विमानातून छत्री लावून उड्या मारणाऱ्या मराठ्यांच्या पलटणीत. वैशाखात तो रजेवर आला तेव्हा चाकणच्या अलीकडच्या एका वाडीतल्या भिमाजींच्या कौशल्येशी त्याचा साखरपुडा झाला. लग्न पुढच्या वर्षी करायचं ठरलं. आणि श्रावणात पलटणीला हुकूम आला, कोरियाला निघा.

तिथली लढाई तेव्हा थांबली होती. पण हजारो कैदी असे होते की ज्यांना आपल्या मुलखात परत जायचंच नव्हतं. त्यांचा निकाल लागेपर्यंत त्यांना सांभाळायला दोन्ही बाजूंना चालेल असा तिऱ्हाईत हवा होता. तो मान आपल्या देशाकडे आला होता. हे सगळं आम्हाला समजावलं बबनराव शिंप्यांनी. मारुतीच्या देवळासमोर त्यांचं शिवणयंत्र. मी दापोडीला एसटीच्या कारखान्यात कामाला होतो. सुटी झाली की सायकलच्या दांडीला पेपर खोचून आणायचा आणि बबनरावांच्या हाती द्यायचा, हा माझा नेम. बबनराव पायाखालचं यंत्र थांबवून मोठ्यानं वाचत. तानाबाई देवळाच्या पायरीवर बसून ऐकत.

"काय म्हनतोय आज म्हातारा?" त्या विचारायच्या.

म्हातारा म्हणजे दक्षिण कोरियाचे वृद्ध अध्यक्ष. ते सगळ्या जगावर चिडले होते. बबनराव सांगायचे, "अहो, त्याचंही एका अर्थी खरं आहे. इतकी वर्षं अमेरिका त्याच्या बाजूनं लढली. आता तीच अमेरिका शत्रूशी तह करून मोकळी झाली. त्याला वाटतंय, हे आता तंबू गुंडाळून घरी जाणार आणि उत्तरेकडचे पुन्हा माझ्या उरावर बसणार."

"मग आमच्या पोरांवर कशापायी डाफरतोय?"

"भेदरलेला माणूस समोर दिसेल त्याच्यावर डाफरतो. म्हणतो, हिंदुस्थानी शिपायांना माझ्या भुईवर पाय ठेवू देणार नाही."

पुढे पेपरात आलं की आपल्या शिपायांना अमेरिकेनं बोटीवरूनच डोक्यावर पंखा फिरणाऱ्या विमानांत बसवलं आणि दोन्ही फौजांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात नेऊन उतरवलं. बबनराव इतके हसले की त्यांची टोपी पडली. "पाय ठेवू नका म्हणाला ना? नाही ठेवला! म्हाताऱ्याचा शब्द राहिला आणि आपली माणसंही पोचली."

तानाबाई म्हणाल्या, "हुशार हाय म्हनायची अमेरिका. रुसलेल्या मामंजींना न दुखावता वाढायचं जमतंय तिला."

तोवर असं हसण्यावारी चाललं होतं. भाद्रपद सरत आला आणि एके दिवशी बबनराव वाचता वाचता मध्येच थांबले. पान उलटू लागले.

"गिळू नका बबनराव, वाचा," तानाबाई म्हणाल्या.

कैद्यांनी दंगा केला होता. आपल्या पहारेकऱ्यांना गोळी चालवावी लागली, काही कैदी मेले, आणि तिकडच्या सरकारनं धमकी दिली होती, हिंदुस्थानी शिपायांवर आम्ही हत्यार उचलू. तानाबाईंनी पदरानं पायरी पुसल्यासारखं केलं आणि उठून घरी गेल्या.

बातमीला पाय असतातच. चाकणच्या कांद्याच्या बाजारात ती भिमाजींच्या कानावर गेली, आणि बाजाराहून आलेल्या एका गाडीवानानं तानाबाईंना निरोप दिला, "भिमाजी सोयरीक मोडायची म्हनत्यात."

त्या संध्याकाळी तानाबाई आमच्या दारात आल्या. "दत्तोबा, पोरानं जाताना एकच सांगितलंय. आये, कौशल्येकडचं सांभाळ. बाकी काय मागितलं न्हाई त्यानं. तिकडं त्याच्यावर बंदुका रोखल्यात, आन् हिकडं मी त्याची सोयरीक बी राखू शकले न्हाई, तर आलेल्या पोराला तोंड कसं दावू?"

माझ्याशेजारी बसलेले बबनराव ताडकन म्हणाले, "आपण वेळ घालवायचा नाही. अमेरिकेनं काय केलं? म्हातारा बिथरला तसा तडक आपला वकील धाडला. आपणही वकील धाडू."

वकील अर्थात बबनरावच. त्यांनी स्वतः एक खण शिवायला काढून ठेवलेला होता तो घडी करून घेतला, तानाबाईंनी लुगडं काढलं, नारळ, पेढे, हळदकुंकू, सगळी ओटी टोपलीत बांधली. टोपली धरायला मी. दुसऱ्या दिवशी नाशिक रस्त्याला जाऊन एसटी पकडली आणि दुपारी भिमाजींच्या अंगणात उभे राहिलो.

गवराबाई, म्हणजे कौशल्येची आई, पिठाच्या हातानं बाहेर आल्या. बबनरावांनी टोपलीवरचा रुमाल दूर केला. नारळ नि खण बघितला मात्र, त्या बाईचा चेहरा पांढरा पडला आणि त्या तिथेच जोत्यावर खाली बसल्या.

बबनरावांना वाटलं आनंदानं बसल्या. ते म्हणाले, "काडीची काळजी करू नका! मुलगा सुखरूप आहे. अगदी सुखरूप. केसालाही धक्का नाही. आम्ही मुद्दाम तेवढंच सांगायला आलो."

तेवढ्यात माझी नजर वर गेली. कौलांवर केळीच्या पानात भाताचे घास ठेवले होते आणि दोन कावळे त्यावर बसले होते. पितृपंधरवडा! त्या घरी त्याच दिवशी भिमाजींच्या वडिलांच्या श्राद्धाचं पान होतं. जगातल्या सगळ्या तारखा बबनरावांच्या जिभेवर होत्या. घरची तिथी मात्र ना त्यांच्या ध्यानात राहिली, ना काळजीनं गांगरलेल्या तानाबाईंच्या, ना माझ्या.

भिमाजी आतून आले. उंच, हाडकुळा, शांत माणूस. त्यांनी टोपलीकडे बघितलं, मग आमच्याकडे. "पितरपाटात शुभाची ओटी कोन आनतं, राव? आन् काय झालंच न्हाई तर दोघं दोघं धावत कशापायी आला? खरं सांगा. पोराचं काय झालं?"

"काही नाही हो! शपथ घेतो."

"शपथ?" गवराबाईंनी डोळ्याला पदर लावला. "आता गं बाई, शपथा घ्याया लागले."

बबनराव जितकं गोड बोलत गेले तितकं ते घर घाबरत गेलं. दाराआड कौशल्या उभी होती. तिचा हुंदका ऐकला तेव्हा मी बबनरावांच्या सदऱ्याला मागून ओढलं आणि टोपली उचलली.

भिमाजी आम्हाला रस्त्यापर्यंत पोचवायला आले. माणुसकीचे होते. चालता चालता म्हणाले, "दत्तोबा, तुमी टाळकरी मानूस, तुमास्नी खरं सांगतो. मला कोरियाचं भ्या न्हाई. जगात लढाया व्हायच्याच. पन उद्या देव न करो, त्या पोराचं बरंवाईट झालं, तर लोक काय म्हनतील? हिच्या पायगुनानं गेलं. लगीन न होताच माझ्या लेकीला ते नाव लागंल. मग तिला कोन करंल? गाठ घट्ट झाली न्हाई तवर सोडवून घेतलेली बरी. दसऱ्यापतुर थांबतो. मग तुमचं तुमास्नी माघारी."

घरी येऊन सगळं तानाबाईंना सांगितलं. बबनराव खाली मान घालून बसले होते. तानाबाईंनी त्यांना चहा दिला. "तुमचं काय चुकलं? ओटी तर मीच बांधली की." मग चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "पायगुन," एवढंच स्वतःशी म्हणाल्या.

नवरात्र बसलं. दरवर्षीप्रमाणे अष्टमीला मारुतीच्या देवळात धर्माजीबुवांचं कीर्तन होतं. बुवा स्वतः शेतकरी, आळंदीकडचे. त्यांच्या मागे टाळ घेऊन उभं राहायला मिळालं हे माझ्या आयुष्यातलं मोठं देणं आहे. मी गातो बेताचाच, पण बुवांच्या मागे उभा राहिलो की माझा बेसूरही देव चालवून घेत असावा.

दुपारी त्यांचं फराळाचं तानाबाईंकडे असे. फराळ वाढताना तानाबाईंनी विचारलं, "बुवा, मोठ्यानं धाकट्याला भिऊ नको म्हटलं म्हंजी त्याचं भ्या जातं का?"

बुवांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. कोरियाच्या म्हाताऱ्याचीही ऐकली, आणि ती त्यांना फारच आवडली. दोनदा विचारून घेतली. "आता अमेरिकेनं त्याला काय दिलं म्हणता?"

"करार केला," बबनराव म्हणाले. "तुझ्यावर कुणी चालून आलं तर ते आम्ही आमच्याच जिवावरचं समजू. आणि आमची फौज तुझ्या मुलखात राहील."

"राहील म्हणाले?"

"राहिली आहे. तंबू हलवलेले नाहीत."

"मग संध्याकाळी बोलू," बुवा म्हणाले आणि भगरीवर आमटी ओतून घेतली.

दिवेलागणीला कीर्तन उभं राहिलं. देऊळ भरलेलं. पिंपरीला पेनिसिलीनच्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं, तिथले गवंडी, मजूरही बायकापोरांसह आले होते. बुवांनी नामगजर केला, चरण घेतला आणि निरूपण करता करता एकदम वळून आम्हा टाळकऱ्यांना म्हणाले, "तुम्ही सगळे बाहेर जा बरं. पार वेशीपाशी. पखवाजसुद्धा."

आम्ही बघतच राहिलो. लोक हसायला लागले. पण बुवांची आज्ञा, गेलो. वेशीपाशी उभे राहून ऐकू लागलो. बुवांनी एकट्यानं चरण उचलला. चांगला उचलला, पण वरच्या सुरावर दम कमी पडला आणि आवाज किंचित कापला. ज्यांच्या आवाजानं दिव्याची वात हलते म्हणत, ते बुवा!

मग ते ओरडले, "टाळकरी हो, आहात का?"

आम्ही ओरडलो, "आहोत, महाराज!"

"भिऊ नका म्हणा!"

"भिऊ नका, महाराज!"

बुवांनी पुन्हा चरण घेतला. पुन्हा तिथेच आवाज कापला. ते लोकांना म्हणाले, "ऐकलंत? वेशीवरून धीर आला. मोठ्यानं आला. पण माझ्या पाठीला काही तो लागला नाही. उलट मनात आलं, एवढं ओरडतायत म्हणजे यांना घरी जायची घाई दिसतेय." सगळं देऊळ हसलं. बुवांनी आम्हाला हात केला. "आता या. मागे उभे राहा. गाऊ नका, टाळ वाजवू नका. नुसते उभे राहा."

आम्ही आलो. उभे राहिलो. मी बुवांच्या अगदी डावीकडे; त्यांच्या उपरण्याला अत्तराचा वास होता. बुवांनी तिसऱ्यांदा तोच चरण घेतला, आणि तो वरचा सूर असा लागला की माझ्या अंगावर काटा आला. आम्ही काहीच केलं नव्हतं. नुसते उभे होतो.

"कोरियाच्या त्या म्हाताऱ्याला अमेरिकेनं आधी निरोप धाडले," बुवा म्हणाले. "तो आणखी भ्याला. मग वकील पाठवला. तो म्हाताऱ्याशी कितीतरी दिवस बोलत बसला, तेव्हा तो जरा निवला. पण त्याचा जीव खरा कशात आहे? सकाळी उठून खिडकीबाहेर बघितलं की त्यांचे तंबू जागेवर दिसतात त्यात. कारण आता त्याच्यावर दगड पडला तर तो त्यांच्याही डोक्यात पडणार. धाकट्याच्या भीतीत आपलं माणूस नेऊन ठेवायचं, म्हणजे ती भीती दोघांची होते. आणि दोघांची झाली की ती निम्मी होते."

मग त्यांनी बोट वर केलं. "पण एक आहे हं. मागे टाळकरी आहेत म्हणून मीच जर ताल सोडून पळत सुटलो, तर माझी फजिती आणि त्यांचीही. ज्याला पाठराखण मिळाली त्यानं ती जपून वापरावी. म्हाताऱ्यानं आता बंदुका खाली ठेवाव्या आणि आपल्या तानाबाईंच्या ज्योतीरामाला सुखानं पहारा करू द्यावा. म्हणा, पुंडलिक वरदे!"

देऊळ दणाणलं. मी वळून बघितलं तर तानाबाई बायकांत उभ्या राहिल्या होत्या. हात जोडलेले, आणि चेहरा असा, की काहीतरी ठरलं आहे.

दसऱ्याच्या सकाळी त्या दारात हजर. डोक्यावर गाठोडं, हातात विळा, पदरात आपट्याची पानं.

"चला दत्तोबा, मला वाडीला पोचवा."

"विळा कशाला?"

"बाजरीचे दिवस हायेत. रिकामी बसू का तितं?"

मला कळेना. नवऱ्या मुलाची आई लग्नाआधी मुलीच्या घरी राहायला जाते, असं आमच्याकडे कधी कुणी ऐकलेलं नव्हतं. विहीणबाईंनी मानानं बोलावल्यावर यायचं, पाय धुऊन घ्यायचे, रुसायचं, नि परत जायचं.

भिमाजींच्या अंगणात पोचलो तेव्हा ते बैल धूत होते. बहुतेक निरोपाची वाटच बघत असावेत. तानाबाईंनी गाठोडं सरळ ओसरीवर ठेवलं, त्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. "सोनं घ्या, पाव्हनं. पितरपाटात चुकले, आज सुधारते."

"बसा, विहीणबाई," गवराबाई गोंधळून म्हणाल्या. "पाय धुवायला पानी—"

"मानपान लग्नात घेईन, अगदी रुसून घेईन. आता मला शेत दावा. पोरगा माघारी येईपतुर मी हितं ऱ्हाणार हाय."

भिमाजींनी बैलाची दोरी सोडून दिली. "म्हंजी? आमच्यावर पाळत ठेवाया?"

"व्हय. आन् जेवायला बी." तानाबाई हसल्या, मग गंभीर झाल्या. कुंपणापलीकडे दोन-तीन शेजारणी थांबल्या होत्या. त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्या म्हणाल्या, "ऐका भिमाजी. चांगली बातमी आली तर मी ती हितंच ऐकीन. वाईट आली तर ती बी हितंच ऐकीन, तुमच्या ओसरीवर, कौशल्येला कुशीत घेऊन. त्याची आईच जर पोरीला कुशीत घेऊन बसली, तर पायगुनाचं नाव कोन काढंल? ज्याला काढायचं त्यानं आधी माझ्या तोंडासमोर काढावं. मग पोरगी तुमची. दुसरीकडं द्या, अक्षता टाकायला मी येईन."

शेजारणींतल्या एका म्हातारीनं डोळे पुसले. कौशल्या दारातून बाहेर आली, गाठोडं उचललं आणि आत घेऊन गेली. भिमाजींना तिनं विचारलंसुद्धा नाही.

"न्हाई म्हनायची सोयच ठिवली न्हाई की," भिमाजी पुटपुटले. मग गवराबाईंना म्हणाले, "चहा टाक. गूळ जास्ती घाल."

तानाबाई सुगीभर आणि पुढे थंडीतही तिथेच राहिल्या. कणसं खुडली, मळणी केली, गवराबाईंशी दोनदा भांडल्या आणि तिसऱ्यांदा गवराबाईंच्याच बाजूनं त्यांच्या जावेशी भांडल्या. मी आठवड्यातून एकदा एसटीनं पेपर घेऊन जायचो. चांगलं असो, वाईट असो, ओसरीवर सगळ्यांसमोर वाचायचो. त्यांनी तशी अटच घातली होती. पहिल्या खेपांना भिमाजी खांबाला टेकून दूर उभे असत. दिवाळीच्या सुमाराला तिकडच्या छावणीतून पुन्हा दंग्याची बातमी आली. वाचताना माझाच आवाज अडखळला. बघितलं तर भिमाजी केव्हाच येऊन तानाबाईंच्या शेजारी बसले होते. "वाचा दत्तोबा," ते म्हणाले, "आमी हाय हितं."

त्या क्षणी मला वेशीवरून परत येऊन बुवांच्या मागे उभं राहिल्यासारखं वाटलं. मी मनोमन पांडुरंगाला हात जोडले.

देवाची कृपा, म्हाताऱ्यानं बंदुका उचलल्या नाहीत. थंडी सरता सरता पलटण परत निघाली आणि एके दुपारी ज्योतीराम आईला शोधत कासारवाडीला आला. घराला कुलूप. बबनरावांनी त्याला सांगितलं, "तुझी आई सासरी गेलीय. तुझ्या!" पोरगा तसाच नाशिक रस्त्याकडे पळाला. वर्दीतच.

लग्न वैशाखात झालं, भिमाजींच्या दारात. धर्माजीबुवा आले होते. बबनरावांनी नवऱ्या मुलाचा कोट शिवला, आणि मुहूर्त तीन पंचांगांत बघून घेतला. तानाबाई कबूल केल्याप्रमाणे मनसोक्त रुसल्या.

पाठवणीची वेळ झाली. नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी जायला कुणीतरी बाई पाठराखीण म्हणून धाडायची, ही रीत. नव्या घरात पोरीला आपलं कुणी असावं, रात्री शेजारी झोपायला, रडू आलं तर बोलायला. कौशल्येची मावशी पिशवी घेऊन तयार होती. गाडीत चढायला लागली तेव्हा भिमाजींनी तिला हात करून थांबवलं.

"तू ऱ्हा," ते म्हणाले. डोळे भरून आले होते, पण आवाज कापत नव्हता. "पाठराखीण आदीच आलीती. सुगीभर ऱ्हायली. आता तिच्याच संगं धाडतोय पोरीला."

तानाबाईंनी गाडीतून हात पुढे केला. कौशल्येनं तो धरला आणि चढून त्यांच्या शेजारी बसली.